कीपच्या चिठ्ठ्या

सर, तुमचं पुस्तक होतंय. तुम्ही स्वतः कधी पुस्तक लिहायला घेतलं नाहीत, त्यामुळे तुम्हाला हे ऐकून हसू येईल. तुमचे रहिमतपूरच्या शाळेतले जुने विद्यार्थी, निम्मे मुंबईत आणि उरलेल्यांतले बरेच फौजेतून परत आलेले, व्हॉट्सअपवर एकत्र जमले आणि त्यांनी ठरवलं की सरांच्या क्रियापदांच्या वहीचं पुस्तक करायचं. काम सांगलीतल्या एका छापखान्याला दिलंय. छापखानेवालाही तुमचाच विद्यार्थी. वही माझ्या अक्षरातली, म्हणून प्रस्तावना मी लिहायची असंही त्यांनीच ठरवलं. दहा-बारा दिवसांपूर्वी प्रुफं आली. प्रस्तावनेच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: 'मूळ चिठ्ठ्या सांगलीच्या महापुरात नष्ट झाल्या.' वाक्य माझंच आहे, त्यात शोधूनही चूक सापडणार नाही, आणि ते धडधडीत खोटं आहे. उद्या दुपारी छापखान्याचा माणूस प्रुफं न्यायला येईल. त्याच्या आत मला ते वाक्य खोडायचं धाडस करायला हवं. सकाळची कामं आटोपली, नवरा बँकेत पेन्शनचा दाखला द्यायला गेलाय, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी प्रुफं बाजूला सारून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन पंधराएक वर्षं झाली हे मला माहीत आहे. तरी ज्याचं त्यालाच सांगितलेलं बरं.

तुमच्या शाळेत रुजू झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, सांगलीची होते, आणि स्वतःच्या भाषेवर भलतीच खूश होते. वडील छापखान्यात मुद्रितशोधक. आमच्या घरी लग्नपत्रिका आली की वडील आधी लाल शाईचं पेन शोधायचे आणि मग मुहूर्त बघायचे. मामाची अंतर्देशीय पत्रंसुद्धा ऱ्हस्वदीर्घ सुधारून मगच फायलीला लागायची. जेवताना कुणी वेडंवाकडं बोललं तर ते नीट म्हणेपर्यंत पुढची पोळी वाढली जायची नाही. अशा घरातून मी आले आणि पहिल्याच सोमवारी तुम्हाला वर्गात इंग्रजी शिकवताना ऐकलं. 'पोरानू, ह्यो शबुद लय कामाचा हाय' असं म्हणणारा इंग्रजीचा शिक्षक मी जन्मात पाहिला नव्हता. तुम्ही माणच्या दुष्काळी मुलखातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले, एम.ए. झालात तरी घरची बोली तशीच ठेवलेले. त्या रात्री मी आईला पत्र लिहिलं की इथले वरिष्ठ शिक्षक विद्वान आहेत पण त्यांचं मराठी सुधारायला हवं. ते पत्र वडिलांनी वाचलं असणार आणि त्यांना माझा अभिमान वाटला असणार.

तुमची पद्धत मला आठवडाभरात कळली. ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात एक कोपरा उडालेला फळा टांगलेला असे. सोमवारी त्यावर तुम्ही एक इंग्रजी क्रियापद लिहायचात आणि ते इंग्रज कुठे कुठे वापरतो ते वर्गात सांगायचात. मग मुलांनी घरी जाऊन कान उघडे ठेवायचे. आठवडाभरात घरातलं कुणी असं काही बोललं की तिथे इंग्रजाने हाच शब्द वापरला असता, तर ते बोलणं जसंच्या तसं, अक्षरही न बदलता, चिठ्ठीवर उतरवायचं आणि खाली 'बोलणार' म्हणून आई, आज्जी, चुलता, जो कोण असेल तो लिहायचा. शुक्रवारी चिठ्ठ्या गोळा. वहीचं पान, औषधाच्या खोक्याची पाठ, सिमेंटच्या पिशवीचा तुकडा, काहीही चालायचं. माझ्या पहिल्या आठवड्याचा शब्द होता 'कीप'. मी मनात म्हटलं, कीप म्हणजे ठेवणे, त्यात आठवडा कसला घालवायचा? तुम्हाला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. शुक्रवारी तुम्ही चिठ्ठ्यांचा ढीग माझ्यापुढे सरकवलात. 'बाई, ह्यात ठेवणं किती ठिकाणी आलंय तेवढं बगा.'

मी बघितलं. तीन-चार ठिकाणी होतं. निम्म्या वर्गाने 'गप ऱ्हा' आणलं होतं, आणि त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्यांखाली बोलणार म्हणून बाप होता. कीप क्वायट. कुणाच्या आईने विचारलं होतं, 'ह्ये कालवन सांजंपतूर टिकतंय का बग.' तुम्ही म्हणालात, इंग्रजाचं दूधही टिकतं तेव्हा तो हाच शब्द वापरतो. एका घरात फौजेतून सुट्टीवर आलेल्या चुलत्याने सोयरिकीवरून मागे फिरणाऱ्या भावाला सुनावलं होतं, 'शबुद दिलाय न्हवं? मग पाळाय पायजे.' एका मुलीचा बाप तिला सायकल शिकवताना ओरडला होता, 'मारत ऱ्हा पायडल, मागं बगू नगंस.' राखणं, पाळणं, सांभाळणं, टिकणं, करत राहणं. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द, आणि तिकडे एकटा हा गडी सगळ्या घरांत राबत होता. मला मनापासून मजा वाटली, हे कबूल करते. पण मजा वाटत असतानाच माझा हात लाल पेनाकडे जात होता, हेही खरं. 'टिकतंय का बग' वाचताना माझं मन 'टिकते का ते पाहा' असं करून मोकळं व्हायचं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही शिक्षकखोलीतल्या कपाटातून खाकी कव्हर घातलेला जाडा इंग्रजी कोश काढलात. 'ह्येचा आगापिछा लागंना,' म्हणालात. शब्द हजारएक वर्षांपूर्वीपासून लिहिलेला सापडतो, पण शेजारच्या भाषांत त्याचा भाऊबंद नाही, तो आला कुठून ते कोशकारांना ठाऊक नाही. म्हणजे गावात एखादा माणूस येऊन राहावा, सगळ्यांच्या उपयोगी पडावा, आणि त्याचं गाव कुणालाच माहीत नसावं, तसं. मग तुम्ही बोट ठेवून जुना अर्थ दाखवलात: ठेवणं नंतरचं, फार जुन्या काळी त्याचा अर्थ नजर ठेवणं, वाट बघत राहणं, लक्ष देणं असा होता. तुम्ही कोश मिटलात आणि खिशातून स्वतःची चिठ्ठी काढलीत. शाळेत सगळ्यात जुनी तीच असावी, घड्यांवर फाटत आली होती. तुम्ही सात वर्षांचे असताना तुमची आई तुम्हाला माळावर मेंढरांपाशी बसवून जाताना म्हणाली होती ते त्यावर होतं. 'राखायचं म्हंजी बगत ऱ्हायचं. डोळा काढलास का गेलं जित्राब.' खाली, बोलणार: आई. तुम्ही म्हणालात, 'आमच्या आईनं उभ्या जन्मात इंग्रजी ऐकलं न्हाई. पर ह्या कोशाच्या आधी तिला ठावं हुतं.' आणि चिठ्ठी पुन्हा खिशात न ठेवता तुम्ही ती इतर चिठ्ठ्यांत टाकलीत. तिथे ती जास्त सुरक्षित, असं तुम्हाला वाटलं.

माझ्या चौथ्या वर्षी तुम्ही निवृत्त व्हायचे होतात. तोवर चिठ्ठ्यांनी दोन मोठ्या कापडी पिशव्या भरल्या होत्या, एकेका क्रियापदाचं बंडल सुतळीने बांधलेलं. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, सरांना शाल-नारळ सगळेच देतील, मी त्यांना या चिठ्ठ्यांची वही करून देते. पिशव्या मी माझ्या भाड्याच्या खोलीवर नेल्या. तुम्ही स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत एक पिशवी धरून आलात आणि म्हणालात, 'पोरी, संबाळ गं.' बाईचं पोरी त्या दिवसापासून झालं. दोन महिने मी रोज संध्याकाळी बसून लिहीत होते. बांधीव वही, काळी शाई, क्रियापदं तांबड्या शाईत. आणि लिहिता लिहिता मी प्रत्येक वाक्य सुधारलं. हाय चं आहे, न्हाई चं नाही इथवर थांबले नाही. अर्धवट वाक्यं पुरी केली, शिव्या गाळल्या, रांगडं वाटलं ते सौम्य केलं. मला वाटत होतं मी या बायकामाणसांना चांगले कपडे घालून फोटोला उभं करते आहे. तुमच्या आईचं मी काय केलं ते वहीत अजून आहे: 'मेंढ्यांची राखण करताना त्यांच्याकडे सतत लक्ष द्यावे.' आणि 'बोलणार' ही ओळ तर मी सगळीकडची गाळली. वही एकसारखी दिसावी म्हणून.

एकेक बंडल उतरवून झालं की त्या चिठ्ठ्यांचं काय करायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. वडिलांच्या छापखान्यात मजकूर छापून झाला की हस्तलिखित रद्दीत जायचं. स्वच्छ प्रत झाल्यावर कच्चं जपायचं नसतं, हे मी खेळणं हातात धरायच्या वयात शिकले होते. खोलीच्या मागे आंघोळीचं पाणी तापवायचा बंब होता. सकाळी बंबात शेणी घालायच्या आणि पेटायला वर एक बंडल. चिठ्ठ्या चांगल्या पेटायच्या, तेलकट असायच्या ना. तुमच्या आईच्या चिठ्ठीने एका सकाळी माझं पाणी तापलं असेल, मला दिवस आठवत नाही. एवढं सगळं लिहिते आहे तर हेही सांगते, की मला त्या वेळी जराही वाईट वाटलं नाही. मी बंबापाशी बसून केस विंचरत होते.

निरोपसमारंभात भाषणं झाली, मग मी तुमच्या हातात वही दिली. तुम्ही आनंदाने उघडलीत, चष्मा लावलात आणि उभ्याउभ्याच पहिलं पान वाचलंत. मग दुसरं. मग एकदम मागे जाऊन कीपचं पान काढलंत. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते, शाबासकीची वाट बघत. तुम्ही बोट एका ओळीवर ठेवलंत आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं, विचारलंत, 'ह्ये कोण बोललं?'

मी म्हटलं, 'सर, तुमच्या आईचं आहे ते. फक्त जरा शुद्ध केलं.'

'आमची आई न्हवं ही,' तुम्ही म्हणालात. राग नव्हता आवाजात. पान उलटलंत, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलंत. 'आन् ह्ये? ह्ये कोण बोललं?' समोर टाळ्या चालल्या होत्या, शिपाईकाका पेढे वाटत होते. तुम्ही वही मिटून छातीशी धरलीत, माझ्याकडे बघून हसलात, आणि म्हणालात, 'असू दे. अक्षर लय देखणं हाय. चिठ्ठ्या हायत न्हवं जाग्याव?'

'आहेत सर,' मी म्हटलं. 'सांगलीला, आमच्या घरी. व्यवस्थित आहेत.'

हे पहिलं खोटं. ते बोलायला मला निमिषही लागला नाही. पुढच्याच वर्षी लग्न होऊन मी सांगलीला आले, इथल्या शाळेत लागले, आणि तुमचं दिवाळीचं पत्र दरवर्षी यायला लागलं. त्यात खालच्या ओळीत तोच प्रश्न असायचा, पिशव्या बऱ्या आहेत ना, पावसाळ्यात दमट तर होत नाहीत ना. मी उत्तर पाठवायची, की कडुनिंबाचा पाला घालून ठेवल्या आहेत. पाला कुठून सुचला कोण जाणे. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो म्हणतात, मी तर चांगला मांडवच घातला होता. तुम्ही लिहायचात, एकदा येऊन घेऊन जाईन, मग वही पुन्हा नव्याने लिहू, जशीच्या तशी. ते वाचलं की मला आठवडाभर जेवण गोड लागायचं नाही.

मग तो महापूर आला. कृष्णा घाट सोडून पेठेत शिरली, हळदीची गोदामं भिजली, गावभर ओल्या हळदीचा आणि चिखलाचा वास. आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी आलं, दोन दिवस तिथेच डुचमळत राहिलं, आणि उतरलं. आमच्या उंबऱ्याला ते शिवलंसुद्धा नाही. ओळखीपाळखीच्यांची घरं धुवायला मी जात होते, त्यांच्या भिंतींवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ उठलेली बघत होते, आणि सर, मला ती रेघ बघताना माझी सुटका दिसली. लोकांचे संसार वाहून गेले होते आणि मला त्यातून वाट सापडली होती. टपाल सुरू झाल्याबरोबर मी तुम्हाला लिहिलं: घरात कमरेएवढं पाणी होतं, आम्ही सुखरूप आहोत, पण दोन्ही पिशव्या गेल्या. पत्र टाकून परत येताना मला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात तुम्ही. सत्तरीकडे झुकलेले, एसट्या बदलत आलेले, खांद्याला पिशवी. पिशवीत घरच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि माझ्यासाठी तुमच्या बायकोचं एक नवं लुगडं. 'म्हटलं पोरीच्या घरात पाणी आलंय, चूल पेटली आसंल का न्हाई,' तुम्ही म्हणालात. नवऱ्याने तुम्हाला खुर्ची दिली. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. बैठकीच्या खोलीची भिंत तुमच्या अगदी समोर होती, आदल्या दिवाळीला रंगवलेली, आकाशी. तिच्यावर रेघ नव्हती. सांगलीत त्या आठवड्यात शेंबड्या पोरालाही कळत होतं की रेघ नाही म्हणजे पाणी नाही. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही नवऱ्याशी उसाच्या तोडीबद्दल बोलत होतात. तुमचा चष्मा खिशात होता, आणि चष्म्याशिवाय तुम्हाला हातातलं मनगटी घड्याळही दिसायचं नाही, त्यामुळे तुम्हाला भिंत दिसली नसणार, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे.

तुम्ही चिठ्ठ्यांचं नावही काढलं नाहीत. भाकरी आम्हाला तुमच्या देखत खायला लावल्यात. मी स्टँडपर्यंत सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणालात, 'वस्तू गेली तर गेली गं. माणूस हाय न्हवं?' आणि गाडीत चढताना मागे वळून, 'आता मला आठवंल तसं मी धाडतो. तू नुसतं जपून ठिव. सुधरू नगंस.'

आणि कार्डं यायला लागली. दर सोमवारी टाकलेलं, बुधवारी गुरुवारी पोचलेलं एकेक पोस्टकार्ड. वर क्रियापद, खाली वाक्य, त्याखाली बोलणार. ना ख्यालीखुशाली, ना सही. गेट, टेक, रन, लीव्ह. तुमच्या डोक्यात किती घरं शिल्लक होती! कुणाची आत्या, कुणाचा सासऱ्याशी भांडणारा बाप, कुणाची सुगीच्या वेळी काढणीला आलेली शेजारीण. मी प्रत्येक कार्ड पुरणपोळीच्या जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवत गेले. लाल पेन त्या वर्षी मी घरातून काढून टाकलं. दोन-तीन वर्षांनी अक्षर मोठं आणि वाकडं व्हायला लागलं, एका कार्डावर दोनच शब्द मावायचे. शेवटचं कार्ड माझ्यासमोर आहे. वर 'कीप'. खाली, 'कसं काय पोरी, बरं हाय न्हवं?' बोलणार: मी. इंग्रज माणूस बरं आहे ना असं विचारतानाही हाच शब्द वापरतो, हे तुम्हीच वर्गात सांगितलं होतंत. ती चिठ्ठी होती का पत्र होतं हे मला ठरवता आलं नाही. पत्र समजून उत्तर द्यायचं तर खरं लिहावं लागलं असतं. मी कार्ड डब्यात ठेवलं. महिन्याभराने तुम्ही गेल्याचा निरोप आला.

पुढे आणखी एक पूर आला, पहिल्याहून मोठा, तुम्ही नव्हतात. या वेळी पाणी घरात खरंच आलं, खिडकीच्या गजांपर्यंत. मी आधी तो डबा वरच्या मजल्यावर शेजारणीकडे नेऊन ठेवला, मग सासूबाईंची औषधं. नवरा अजून त्यावरून मला टोमणे मारतो. आकाशी भिंतीवर तेव्हा उठलेली रेघ रंगाखालूनही अजून अंधुक दिसते. तुम्ही आला असतात तर दाखवली असती.

आता पुस्तकाचं. मुलांनी माझी ती देखणी वही तुमच्या मुलाकडून मिळवली आणि तीच छापायला दिली. मी गप्प बसले. प्रुफाचे फोटो त्यांनी सगळ्यांना पाठवले, आणि गेल्या आठवड्यात एकाचा फोन आला. सुभेदार म्हणून निवृत्त झालाय, रहिमतपूरजवळच ऊस करतो. आठवीत माझ्या वर्गात होता, फार हळू बोलायचा. आता फौजेने आवाज चढवलाय.

'बाई, त्ये कीपच्या पानावर चुलीचं वाक्य हाय बगा. "चुलीतला विस्तव विझू देऊ नये." त्ये माज्या आज्जीचं न्हवं का?'

'हो रे. तुझ्याच आज्जीचं.'

तो म्हणाला, 'पर बाई, आज्जी आसं न्हवती बोलत. मी नातवाला वाचून दाखवाय घेतलं, आन् मलाच आज्जी दिसंना.' त्याला वाटलं मी रागावले, म्हणून घाईने पुढे म्हणाला, 'तुमचं चुकलं आसं न्हाई म्हनत मी. सरांनीच आसं लिव्हलं आसंल.'

हे ऐकल्यावर मात्र मी खुर्चीवर बसले. माझं पाप तुमच्या नावावर जमा होत होतं. मी त्याला विचारलं, आज्जी काय म्हणाली होती ते आठवतं का? 'आठवतंय की! रोज म्हनायची. रानात जाताना उंबऱ्यातनं वरडायची, "इस्तू इजू दिऊ नगंस रं भाड्या, आल्याव च्या करायचाय!"' आणि आपल्या सुभेदाराचा आवाज भाड्या या शब्दावर फुटला. तिकडे तो रडत होता, इकडे मी. त्या वाक्यातला भाड्या आणि चहा दोन्ही मी गाळले होते. विस्तव कशासाठी राखायचा तेच वहीत उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी गटावर सगळ्यांना लिहिलं, की आपापल्या घरचं जे आठवतं ते मला बोलून पाठवा, लिहू नका. आठ दिवस फोन वाजतोय. मुंबईतून एक ड्रायव्हर गाडी कडेला लावून बोलला, मागे हॉर्न चालले होते. कुणी आईकडे फोन दिला. एकीने आपली थोरली बहीण उठवून बसवली आणि दोघी कोणत्या चुलतीचं वाक्य कोणतं यावरून भांडल्या, ते भांडणही आलंय. तुमची कार्डं आणि हे आवाज मिळून निम्म्याहून थोडी जास्त वाक्यं परत उभी राहिली. बाकीची गेली. म्हातारी माणसं गेली, पोरं विसरली, आणि कागद मी जाळले.

छापखानेवाल्याला काल सांगितलं की पानं पुन्हा लावावी लागतील आणि प्रस्तावनाही बदलणार आहे. का बदलणार तेही सांगितलं. तो म्हणाला, 'आवं बाई, कशाला? पुरात गेलं म्हटलं की संपलं. कोन इचारनार हाय?' नवऱ्याने रात्री तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, आता या वयात कशाला उघडतेस, तीस वर्षं लोक तुला सरांची मानसकन्या म्हणतात. ते खरं आहे. पुढच्या महिन्यात प्रकाशनाला शाळेच्या पटांगणात तीच मुलं, त्यांच्या आया मला समोर बसवतील, आणि हातात पुस्तक असेल. मला त्याची भीती वाटते. आतापर्यंत मला रहिमतपूरच्या स्टँडवर कुणी रिकाम्या हाताने सोडलं नाही, शेंगा नाहीतर काकवी पिशवीत पडतेच. यापुढे पडेल की नाही, माहीत नाही.

पण आत्ताच, हे पत्र मध्ये थांबवून, मी ते वाक्य खोडलं. समासात लिहिलं: 'मूळ चिठ्ठ्या मी जाळल्या. पुराने नेल्या हे मी सरांना खोटं सांगितलं होतं.' वाक्यं मी आठ दिवस बदलतच होते; तुमच्या आईचं सगळ्यात आधी बदललं, ते मला तोंडपाठ होतं. प्रत्येक वाक्याखाली बोलणार घातला. आणि ज्या वाक्यांचं मूळ कुणालाच आठवलं नाही, ती माझी गुळगुळीत वाक्यं तशीच ठेवली आहेत, लाज वाटली तरी. त्यांच्याखाली लिहिलंय, बोलणार: नक्कल करणाऱ्या बाई. ह्ये कोण बोललं, असं तुम्ही विचारलं होतंत. ते मी बोलले, सर.

पत्र आता पोस्टकार्डांच्या डब्यात तळाशी ठेवीन. दाराची कडी वाजतेय, नवरा आला असेल. पण वर मी तुमच्या चष्म्याचं लिहिलंय, ते वाचल्यावर उठवेना. चष्मा खिशात नव्हता. चहाची वाफ बसली म्हणून तुम्ही तो काढलात, सदऱ्याच्या टोकाला पुसलात, पुन्हा डोळ्यांवर चढवलात, आणि मग समोरच्या भिंतीकडे खालपासून वरपर्यंत बघितलंत. मग भाकरीचं फडकं सोडून म्हणालात, 'खा गं पोरी.' मी दारात उभी राहून सगळं बघत होते.